स्पेलिंगकाकांविरुद्ध

जगात माणसांचे नाना प्रकार आहेत. काहींना लग्नाच्या पंगतीत आमटीतलं मीठ काढण्यात आनंद असतो. काहींना तुम्ही आजारी पडलात की त्याच आजाराने गेलेला आपला मेव्हणा आठवतो. अशांचं मी फारसं मनावर घेत नाही. पण दुसऱ्याचं इंग्रजी चारचौघांत दुरुस्त करणारा गृहस्थ दिसला की माझं डोकं फिरतं. हा प्रकार प्रत्येक इमारतीत एक तरी असतोच. आमच्या इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर आहे, मालकी हक्काने आहे, आणि आम्ही पाठीमागे त्यांना 'स्पेलिंगकाका' म्हणतो.

काकांचं खास क्षेत्र म्हणजे इंग्रजीतले जुळे शब्द. कानाला सारखे आणि अर्थाला निराळे. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर बारसं होतं. जेवण आटोपत आलं तेव्हा यजमानांनी मोठ्या हौसेने विचारलं, "काका, डेझर्टमध्ये काय घेणार? गुलाबजाम की आइस्क्रीम?" बिचाऱ्यांचा 'डि' घसरून 'डे' झाला होता, बाकी पाहुणचारात काही उणं नव्हतं. काकांनी हातातली ताटली खाली ठेवली. "डेझर्ट? अहो, डेझर्ट म्हणजे वाळवंट! तुम्हाला डिझर्ट म्हणायचंय. वाळवंट वाढणार असाल तर आधी उंट मागवा!" आणि स्वतःच पोट धरून हसले. मंडळी हसली. यजमानही हसले, पण ते ज्या तऱ्हेने हसले ते मला बघवलं नाही. त्यानंतर काकांनी तीन गुलाबजाम खाल्ले. म्हणजे विचारणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते त्यांना पहिल्याच फटक्यात कळलेलं होतं!

आता, शब्दांतला फरक कळू नये असं माझं म्हणणं नाही. कळावा, जरूर कळावा. वाळवंटाला एक 'एस' आणि गोडाला दोन, कारण गोड आपण दुसऱ्यांदा मागून घेतो, ही खूण मी स्वतः चार मुलांना शिकवली आहे. पण इंग्रजीची लबाडी तेवढ्यावर भागत नाही. हुबेहूब वाळवंटाच्याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द त्या भाषेत आहे. त्याचा अर्थ सोडून जाणे. लष्करातून पळालेल्या शिपायाला लावतात तो. स्पेलिंग वाळवंटाचं आणि उच्चार गुलाबजामाचा! अशा रस्त्यावर एखादा घसरला तर हसायचं कोणाला? पडणाऱ्याला की केळ्याची साल टाकणाऱ्याला?

आपल्या बाजूने पाहिलं तर अडचण साधी आहे. मराठीत 'ए' एक आहे. इंग्रजीत तो कधी आखूड असतो, कधी लांबून 'एइ'कडे झुकतो. शिवाय त्यांच्याकडे 'व' दोन तऱ्हेचे, एक ओठांचा चंबू करून आणि एक ओठावर दात टेकवून. आपण हे सगळं सामान एकाच खुंटीला टांगतो. परिणामी मुंबईत 'वेस्ट' या एका शब्दात पश्चिम दिशा, माणसाची कंबर, वाया गेलेला माल आणि अंगातलं बनियन ही चारही बिऱ्हाडं दाटीवाटीने राहतात, अगदी मुंबईकरांसारखी. पण कोणाचं काही अडतं का? शिंपी टेप गुंडाळत विचारतो, "साहेब, वेस्ट?" तेव्हा गिऱ्हाईक "चौतीस" म्हणतं, "अंधेरी" म्हणत नाही. रिक्षावाल्याला "वेस्ट" म्हटलं तर तो रुळांच्या पलीकडे नेऊन सोडतो, कमरेला हात लावत नाही. कोणी "वेट करा" म्हटलं की आपण थांबतो. पूर्वी स्टेशनवर नाणं टाकलं की वजन आणि भविष्य एकाच पुठ्ठ्याच्या तिकिटावर देणारी यंत्रं असत, तिथे त्याच शब्दाला आपण वर चढून उभे राहत असू. पेनकिलर मागितली म्हणून केमिस्टने कोणाचं फाउंटनपेन मोडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि जिथे खरोखरच अडलं तिथे मराठीने हातपाय हलवले. अक्षराच्या डोक्यावर एक चंद्रकोर चढवली आणि 'बेट' व 'बॅट' वेगळे केले, 'हाल' आणि 'हॉल' वेगळे केले. (लग्नाच्या मोसमात ते पुन्हा एक होतात, ती गोष्ट निराळी.) परक्याच्या स्वरासाठी आपल्या लिपीत नवं चिन्ह घालून घेणं याला मोठं मन लागतं. त्या बाजूला पाहावं तर पाच स्वराक्षरांवर केवढा प्रपंच चाललेला. पण त्यात एक साधं टिंब वाढवायची त्यांची तयारी नाही.

बरं, ज्या स्पेलिंगच्या जोरावर काका हसतात त्याची कुळकथा तरी काय? भेटणे या अर्थाचा 'मीट' आणि मांस या अर्थाचा 'मीट' हे एके काळी उच्चाराने निराळे होते. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदार, यांतही फरक होता. सरदाराच्या तोंडाशी आज जो मुका 'के' चोपदारासारखा उभा आहे, तो त्या काळी बोलत असे. पुढे साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजांचे स्वर इकडचे तिकडे सरकले आणि काही व्यंजनं त्यांनी गिळून टाकली. नेमका त्याच धामधुमीत, १४७६ साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला (हे 'वेस्ट' पश्चिमेचं), आणि हळूहळू स्पेलिंगं शिशात गोठत गेली. उच्चार खोली सोडून दुसरीकडे राहायला गेला, स्पेलिंग मात्र पागडीच्या जागेत चिकटून बसलं. आज आपण त्या खोलीचं दार ठोठावतो, आत उच्चार सापडत नाही, आणि काका हसतात ते आपल्यालाच.

त्यातून काही जुळी तर खरी जुळीही नाहीत. एकच मूल, दोन टोपड्यांतलं. फूल म्हणजे 'फ्लॉवर' आणि पीठ म्हणजे 'फ्लॉवर' हा मुळात एकच शब्द. दळलेल्या धान्यातला जो उत्तम भाग, तो पिठाचं 'फूल'. १७५५ साली डॉ. जॉन्सनने आपला प्रचंड कोश सिद्ध केला, तेव्हाही पिठाला निराळं स्पेलिंग दिलं नव्हतं. म्हणजे पिठाच्या डब्यावर फुलाचं स्पेलिंग लिहिणाऱ्या बाईला डॉक्टरसाहेब हसले नसते. (आपण मराठी लोकांनी त्यात भाजीही घुसवली आणि "पाव किलो फ्लॉवर द्या" म्हणून मोकळे झालो.)

तीच गत 'स्टेशनरी'ची. मध्ययुगात युरोपात बरेचसे विक्रेते गावोगाव हिंडणारे. विद्यापीठाच्या आसपास पुस्तकांची विक्री करणाऱ्या ज्याची एका जागी कायमची गादी, तो 'स्टेशनर'. तो जागचा हलत नाही, म्हणून त्याचं हे नाव. आणि त्याचा माल ती स्टेशनरी. पुढे एकीला 'ए' मिळाला, दुसरीला 'ई'. 'ए'वाली म्हणजे जागची न हलणारी, 'ई'वाली म्हणजे कागद, पेन्सिली, टाचण्या. बोलताना दोहोंत गुंजभरही फरक नाही.

या एका 'ए'ची हकीकत मला सांगितलीच पाहिजे, कारण माझं हे सगळं डोकं तिच्यामुळेच फिरलेलं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाले मामा बसतात. त्यांचा मुलगा बी.कॉम. झाला, पहिल्या वर्गात झाला. एका बऱ्यापैकी कंपनीत भांडारातल्या कारकुनाची जागा निघाली. याने अर्ज केला. दोन वर्षं एका दुकानात 'स्टेशनरी'चा हिशेब सांभाळल्याचं त्यात लिहिलं आणि लिहिताना 'ई'च्या जागी 'ए' पडला. मुलाखत घ्यायला तिघे बसले होते. मधल्याने अर्ज वाचला, शेजारच्याला बोटाने काहीतरी दाखवलं आणि विचारलं, "म्हणजे तू दोन वर्षं एकाच जागी उभा होतास?" तिघे हसले. याला विनोद कळला नाही. कळणार कसा? तो कानात नव्हताच, तो कागदावर होता, आणि कागद त्यांच्या हातात होता. हा म्हणाला, "हो सर." तिघे आणखी हसले. त्यानंतर हिशेबाचा एकही प्रश्न त्याला विचारला गेला नाही.

संध्याकाळी कपडे द्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "काका, त्या स्टेशनरीत हसण्यासारखं काय होतं हो?" मी समजावून सांगितलं. 'ए' आणि 'ई' कागदावर काढून दाखवले. तो माझ्या सदऱ्याच्या घडीवरून हात फिरवत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "एवढंच?"

त्या 'एवढंच'ला मला अजून उत्तर सुचलेलं नाही. हा मुलगा तीन पानी ताळेबंद तोंडी जुळवतो. पण तेव्हापासून इंग्रजी बोलायची पाळी आली की "येस सर" आणि "नो सर" यांपलीकडे त्याचं तोंड उघडत नाही. एका अक्षराने त्याला खरोखरच स्टेशनरी करून ठेवलं, 'ए'वाली.

ही हकीकत मी काकांना सांगितली. म्हटलं, जरा तरी विरघळतील. काका म्हणाले, "अहो, वाईट वाटतं, पण भाषेत हयगय चालत नाही. एका अक्षराने माणूस मरतो."

माणूस मरतो हे अगदी खरं आहे. काकांनीच हा मुद्दा काढला ते बरं झालं. कारण माणसं मरायची वेळ आली की खुद्द इंग्रजीवाले काय करतात, ते पाहण्यासारखं आहे.

जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात. डाव्या बाजूला पूर्वी 'लारबोर्ड' म्हणत असत. आता कल्पना करा, वारा भणाणतोय, लाटा आपटताहेत, कप्तान जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि सुकाणूवाल्याच्या कानापर्यंत पोचतंय फक्त 'आरबोर्ड'. १८४४ साली ब्रिटिश आरमाराने हुकूम काढला की लारबोर्ड बंद, यापुढे 'पोर्ट' म्हणायचं. दोन वर्षांनी अमेरिकन आरमारानेही तेच केलं. खलाशांचे कान पिळत बसले नाहीत. घोटाळा करणारा शब्दच समुद्रात बुडवला.

विमानांचं पाहा. रेडिओच्या खरखरीत आकडे नीट ऐकू यावेत म्हणून वैमानिकांनी 'नाइन'ला 'नायनर' म्हणायचं, 'फाइव्ह'ला 'फाइफ' आणि 'थ्री'ला चक्क 'ट्री' म्हणायचं, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आमच्या इमारतीचा रखवालदार 'थ्री'ला 'ट्री' म्हणाला तर काका त्याला झाडावर चढायला सांगतील. कॅप्टनने म्हटलं तर ती शिस्त!

इतकं करूनही 'टू' राहिलाच. फेब्रुवारी १९८९ मध्ये एक अमेरिकन मालवाहू जम्बो विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. खालून नियंत्रकाचा आदेश गेला, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." त्याच्या मनात चोवीसशे फूट होते. वर बसलेल्यांनी तो 'टू' आकडा न धरता 'पर्यंत' या अर्थाचा धरला. उरले चारशे फूट. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले. त्या अपघातात आणखीही चुका झाल्या होत्या, पण घोटाळ्याचं मूळ या दीड दमडीच्या 'टू'मध्ये होतं. लक्षात घ्या, हे ऐकणारे काही आमच्या गल्लीतून गेलेले नव्हते. अमेरिकन वैमानिक ते, त्यांचा रोजचा व्यवहार इंग्रजीतला. त्यांना कोणी उंट आणायला सांगितलं नाही. उंची सांगताना 'थाउजंड' आणि 'हंड्रेड' हे शब्द मोकळेपणाने उच्चारावेत, म्हणजे गफलत होत नाही, असं शहाणी माणसं सांगतात.

औषधांचंही तेच. आम्लपित्तावरचं 'लोसेक' नावाचं औषध अमेरिकेत गेलं तेव्हा लघवी वाढवणाऱ्या 'लॅसिक्स'शी त्याची गल्लत होऊ लागली. १९९० साली कंपनीने मुकाट्याने नाव बदलून 'प्रायलोसेक' केलं. डब्यांवरची छपाई बदलली, जाहिराती बदलल्या, केवढा खर्च आला असेल! पण नर्सबाईंना ओळीने उभं करून हसणं त्याहून स्वस्त पडेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

आता हिशेब मांडा. जहाज खडकावर जाणार असेल तर शब्दाने बदलायचं. विमान टेकडीवर जाणार असेल तर बोलणाऱ्याने बदलायचं. औषध चुकणार असेल तर कंपनीने बदलायचं. आणि इस्त्रीवाल्या मामांच्या मुलाची नोकरी जाणार असेल तर मात्र मुलाने बदलायचं! हा कुठला न्याय? त्याच्या 'ए'मुळे कुठलं जहाज बुडणार होतं? फार तर भांडारातल्या टाचण्या जागच्या हलल्या नसत्या.

आणि ज्यांना इंग्रजीतला एक 'एस' भातातल्या खड्यासारखा दाताखाली लागतो, त्यांची स्वतःच्या भाषेतली दाढ किती मजबूत असते पाहा. काका सोसायटीचे चिटणीस आहेत. ऑगस्टमध्ये त्यांच्या सहीनिशी फळ्यावर सूचना लागली : 'स्वातंत्र्य दीनानिमित्त सकाळी आठ वाजता झेंडावंदन.' दिन म्हणजे दिवस, त्याची 'दि' ऱ्हस्व. दीन म्हणजे लाचार, केविलवाणा, त्याची 'दी' दीर्घ. कानाला फरक फारसा लागत नाही, पण अर्थाने स्वातंत्र्याची पार दैना झाली. (शाळांच्या फळ्यांवर 'शिक्षक दीन' मी अनेकदा वाचला आहे, तिथे शुद्धलेखन चुकलं की कोणी पोटतिडकीने खरं लिहिलं, ते सांगणं कठीण असतं.) मराठी लेखनाचे चौदा नियम १९६२ साली ठरले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. या अठरांपैकी एखादा काकांच्या कानावर आहे का, म्हणून मी हळूच विषय काढला. एकट्यात काढला, चारचौघांत नाही. काका चष्मा पुसत म्हणाले, "मराठी हो! चालतं. अर्थ कळला म्हणजे झालं."

अहो काका, बारशाच्या दिवशी मी दुसरं काय म्हणत होतो?

२००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. आज सहा वर्षांचं पोर पाटीवर 'ए' आणि 'ई' काढतं. म्हणजे काकांना हसायला गिऱ्हाईक आता पहिलीपासूनच तयार! या पोरांना जुळे शब्द शिकवायचे कसे, यावर मोठमोठे लोक बोलतात. मला विचाराल तर माझ्या ओळखीच्या एक बाई एका खेड्यातल्या शाळेत शिकवतात, त्यांना बोलवा.

मुख्याध्यापक म्हणजे 'प्रिन्सिपल' आणि तत्त्व म्हणजेही 'प्रिन्सिपल', ही जोडी त्यांच्या वर्गात रोज चुकत होती. इंग्रजी पुस्तकांत यावर एक खूण दिलेली असते. मुख्याध्यापकांच्या स्पेलिंगात शेवटी 'पॅल' येतो, पॅल म्हणजे दोस्त, म्हणून लक्षात ठेवा की मुख्याध्यापक तुमचा दोस्त आहे. मुलांना हे पटेना. एक तर 'पॅल' हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नव्हता आणि दुसरं म्हणजे मुख्याध्यापकांना त्यांनी पाहिलेलं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "मुलांनो, शेवटची तीन अक्षरं मराठीतल्यासारखी वाचा बरं. काय होतं?" सगळा वर्ग ओरडला, "पाल!" बाई म्हणाल्या, "मग! सरांच्या खोलीत भिंतीवर काय असतं?"

वर्ग हसून हसून लोळला. बाईही हसल्या. त्या दिवसापासून त्या वर्गात एकाचंही 'प्रिन्सिपल' चुकलेलं नाही. फक्त मुख्याध्यापक वर्गात आले की मुलं आधी भिंतीकडे बघतात.